हयातीचा दाखला

नोव्हेंबर महिना उजाडला की हिंगोली, वसमत, कळमनुरी, सेनगाव, औंढा येथील बँकांच्या शाखांत सकाळी दहाच्या आधीच वृद्धांची रांग लागते. कुणाच्या हातात काठी असते, कुणाचा हात नातवाच्या खांद्यावर असतो. निवृत्तिवेतन पुढे चालू राहावे म्हणून आपण जिवंत असल्याचा पुरावा वर्षातून एकदा द्यावा लागतो. बँकेच्या भाषेत त्याला हयातीचा दाखला म्हणतात. २०१४ पासून हे काम 'जीवन प्रमाण' या योजनेखाली बोटाचा ठसा घेऊनही होते. परंतु आयुष्यभर नांगर, हातोडा किंवा जाते हाताळलेल्या बोटांच्या रेषाच झिजलेल्या असतात. यंत्र ठसा नाकारते, वृद्ध पुन्हा बोट टेकवतो, यंत्र पुन्हा नाकारते. समोर माणूस उभा असतो, बोलत असतो, आणि तो तोच आहे हे यंत्राला पटत नसते.

या रांगेत नोकरीतून निवृत्त झालेल्यांखेरीज आणखी काही चेहरे दिसतात. कधी काळी जत्रेत पहाटेपर्यंत फड गाजवलेला शाहीर, गोंधळी, भारुडकार, तमाशातला सोंगाड्या. राज्य शासनाच्या वृद्ध कलावंत मानधन योजनेचे पैसे त्यांच्या खात्यात जमा होतात आणि हयातीचा दाखला त्यांनाही चुकत नाही. काउंटरवर त्यांना नाव, खाते क्रमांक आणि आधार क्रमांक विचारला जातो. पूर्वी तुम्ही काय होता, हे कुणी विचारत नाही. विचारण्याची ती जागाही नव्हे.

तो प्रश्न विचारण्याचे काम गेल्या अर्धशतकात प्रामुख्याने दूरचित्रवाणीने केले. ज्यांच्यावरचा प्रकाश मावळला, किंवा ज्यांच्या विक्षिप्तपणामुळे लोक त्यांच्याकडे कुतूहलाने पाहतात, अशा व्यक्तींना भेटायचे, त्यांच्याशी बोलायचे आणि ती भेट घराघरांत दाखवायची, असा कार्यक्रमांचा एक स्वतंत्र प्रकारच जगभर रूढ झाला. वरवर पाहता हा करमणुकीचा प्रकार. परंतु त्यात विचारणारा कोण, तो कशासाठी विचारतो आणि उत्तर मिळाल्यावर तो काय करतो, यावर एखाद्याची अब्रू अवलंबून असते. क्वचित त्याहूनही अधिक काही अवलंबून असते.

आपल्याकडे मावळलेल्या प्रसिद्धीचे नाव निघाले की पहिले नाव येते भगवानदादांचे. भगवान आबाजी पालव यांचा जन्म १ ऑगस्ट १९१३ चा, अमरावतीचा. वडील गिरणी कामगार. स्वतः मजुरी करीत त्यांनी मूकपटांच्या काळात चित्रसृष्टीत पाऊल टाकले, आणि पुढे अल्प खर्चाचे मारधाडीचे चित्रपट काढून कष्टकरी प्रेक्षकांत ते लोकप्रिय झाले. १९५१ साली त्यांचा 'अलबेला' आला. दिग्दर्शक तेच, नायकही तेच. नायिका गीता बाली आणि संगीत पुणतांब्यात जन्मलेल्या सी. रामचंद्र यांचे. त्या वर्षी सर्वाधिक चाललेल्या चित्रपटांत त्याची गणना झाली. बुटका, स्थूल बांधा, नायकाला शोभणारे काहीही नाही. तरी अंगाला किंचित झोका देत, हात हलवीत, पावले जेमतेम उचलीत केलेले त्यांचे नृत्य असे गाजले की आजही लग्नाच्या वरातीत बँड वाजू लागला म्हणजे एखादे काका नकळत तेच करू लागतात. ज्यांना नाचता येत नाही त्यांचेही नृत्य असू शकते, हे त्यांनी दाखवून दिले. पुढच्या पिढीतील मोठमोठ्या नायकांनी त्या पावलांचे ऋण मान्य केले आहे.

त्यानंतर १९५३ मध्ये 'झमेला' आला, १९६६ मध्ये 'लाबेला' आला. 'अलबेला'चे यश परत आले नाही. किशोरकुमार यांना घेऊन सुरू केलेला 'हंसते रहना' पूर्ण होऊ शकला नाही आणि त्यात होते ते सारे गेले. जुहूच्या समुद्रकाठी पंचवीस खोल्यांचा बंगला होता आणि आठवड्याच्या सात वारांसाठी सात मोटारी होत्या, असे सांगितले जाते. ते सोडून भगवानदादा दादरच्या लल्लूभाई मॅन्शन या चाळीत राहावयास आले आणि ४ फेब्रुवारी २००२ रोजी वयाच्या अठ्ठ्याऐंशीव्या वर्षी तेथेच त्यांचे निधन झाले.

पंचवीस खोल्या, सात मोटारी आणि शेवटी चाळ. ही गोष्ट इतक्या वेळा छापली आणि दाखवली गेली की भगवानदादा म्हणजे वाताहतीचे दुसरे नाव होऊन बसले. हिशेबाची सवय असलेल्या माणसाला मात्र या गोष्टीत एक नोंद राहून गेलेली दिसते. 'अलबेला'नंतर ते सुमारे पन्नास वर्षे जगले, आणि त्यांतील बरीच वर्षे काम करीत होते. कधी एका प्रसंगापुरती भूमिका, कधी गाण्यातली चार पावले, कधी नुसते गर्दीतले हसरे तोंड. ज्या सृष्टीत ते मालक होते तिथेच त्यांनी मिळेल ते काम केले. याला पतन म्हणावे की प्रामाणिक उदरनिर्वाह? बंगला आणि मोटारी यांची बेरीज-वजाबाकी मांडणाऱ्यांनी हा रकाना कोरा ठेवला, कारण त्यात नाट्य नाही. प्रेक्षकांना पडझड पाहावयास आवडते आणि ज्यांची पडझड झाली ते उठून कामाला गेले, हे पाहण्यात त्यांना फारसे स्वारस्य नसते.

भगवानदादांच्याच आयुष्याशी जोडलेली आणखी एक हकिकत आहे. १९४२ साली 'जंग-ए-आझादी' या चित्रपटाच्या चित्रणात प्रसंगाची गरज म्हणून त्यांनी ललिता पवार यांना थप्पड मारली. ती नको तितक्या जोरात बसली. चेहऱ्याच्या एका बाजूला पक्षाघात झाला, सुमारे तीन वर्षे उपचार चालले आणि एका डोळ्यात कायमचा दोष राहिला. नायिका म्हणून बाईंची कारकीर्द तिथे थांबली, आणि त्याच डोळ्याच्या बळावर पुढे त्या पडद्यावरची सर्वांत धाकदपटशाची सासू झाल्या. २४ फेब्रुवारी १९९८ रोजी पुण्यात औंध येथील घरी त्या गेल्या तेव्हा घरात दुसरे कुणी नव्हते. मृत्यूची वार्ता बाहेर कळावयास वेळ लागला. व्ही. शांताराम यांच्या १९३९ मधील 'माणूस'ची नायिका शांता हुबळीकर यांचीही अखेरची वर्षे वृद्धाश्रमात गेली. 'माणूस'मधले ज्यांचे एक गाणे महाराष्ट्र विसरला नाही, त्यांचा पत्ता मात्र बहुतेकांना ठाऊक नव्हता. उतारवयात लिहिलेल्या आत्मचरित्राला त्यांनी त्याच गाण्याचे शब्द शीर्षक म्हणून दिले.

अशा माणसांकडे कॅमेरा वळवण्याची पहिली मोठी खटपट आपल्याकडे मुंबई दूरदर्शनने केली. २ ऑक्टोबर १९७२ रोजी हे केंद्र सुरू झाले आणि त्याच वर्षी तबस्सुम यांचा 'फूल खिले हैं गुलशन गुलशन' हा मुलाखतींचा कार्यक्रम सुरू झाला. तो १९९३ पर्यंत, म्हणजे एकवीस वर्षे चालला. हिंगोली तेव्हा परभणी जिल्ह्यातला तालुका. केंद्राच्या सुरुवातीच्या वर्षांत तिथवर चित्र पोहोचत नव्हते. ऐंशीच्या दशकात देशभर लहान लहान सहक्षेपण केंद्रे उभी राहिली, तेव्हा मराठवाड्यातील गावांत ज्याच्या घरी संच त्याच्या ओसरीवर गल्ली, असे दृश्य दिसू लागले. छपरावरचा अँटेना फिरवणारा मुलगा वरून ओरडून विचारीत असे आणि खालून सगळे एका सुरात उत्तर देत.

तबस्सुम स्वतः बालकलाकार. १९४७ पासून 'बेबी तबस्सुम' या नावाने त्या पडद्यावर होत्या. १९५१ च्या 'दीदार'मध्ये नर्गिस यांचे आणि १९५२ च्या 'बैजू बावरा'मध्ये मीनाकुमारी यांचे बालपण त्यांनी रंगवले. लहानपणीच प्रसिद्धी पाहिलेली आणि मोठेपणी तिचे ओसरणेही पाहिलेली बाई समोर बसली होती, हे त्या कार्यक्रमाचे खरे भांडवल होते. केसात फूल, ओठांवर शेर, मोकळे हसू आणि समोरच्याच्या उत्तम कामाची नेमकी आठवण. अडचणीचे प्रश्न त्या सहसा विचारीत नसत. आजच्या तरुण प्रेक्षकाला त्या मुलाखती गोडगोड वाटतील, आणि त्यात तथ्यही आहे. परंतु ज्या ज्येष्ठाला दहा वर्षांत कुणी बोलावले नव्हते, त्याला त्या कोचावर अर्धा तास पूर्वीच्याच मानाने बसता येत असे. १८ नोव्हेंबर २०२२ रोजी तबस्सुम गेल्या. त्याआधीची काही वर्षे त्या स्वतःच्या वाहिनीवर, मोबाइलच्या पडद्यासाठी, जुन्या कलावंतांच्या आठवणी सांगतच होत्या.

पुढे नव्वदच्या दशकाच्या अखेरीस झी वाहिनीवर फारूक शेख यांनी 'जीना इसी का नाम है' सादर केले. पाहुण्याच्या शाळेतील मित्र, जुने शेजारी, विस्मृतीत गेलेले गुरू एकेक करून समोर आणायचे, अशी त्याची मांडणी होती. फारूक शेख यांच्या बोलण्यात खट्याळपणा असे, बोचरेपणा नसे. पाहुण्याच्या डोळ्यांत पाणी आले की ते दोन क्षण गप्प बसत. मुलाखत घेणाऱ्याला गप्प बसता येणे ही दुर्मिळ गोष्ट आहे. हल्लीच्या चर्चांत तर ती औषधालाही सापडत नाही.

या दोन्ही कार्यक्रमांत पाहुणा दूरचित्रवाणीच्या घरी येत होता. दूरचित्रवाणी पाहुण्याच्या घरी जाऊन राहिली तर काय होते, याचे सर्वांत गाजलेले उदाहरण इंग्लंडमध्ये घडले, आणि त्याचा शेवट विचार करावयास लावणारा आहे.

२००० ते २००२ या काळात बीबीसीने 'व्हेन लुई मेट' ही मालिका दाखवली. लुई म्हणजे लुई थेरू. जन्म १९७० चा, शिक्षण ऑक्सफर्डला. त्याचे वडील पॉल थेरू हे प्रवासवर्णनकार. लंडनहून आगगाडीने निघून आशिया पालथा घालणाऱ्या त्यांच्या १९७५ च्या पुस्तकात भारतातील रेल्वेप्रवासही आहे. मुलाने वडिलांची भटकी वृत्ती उचलली, पण तो देशांऐवजी माणसांत भटकला. उंच, सडपातळ, चष्मा लावलेला, थोडा बावळट वाटणारा हा तरुण एखाद्या जुन्या प्रसिद्ध व्यक्तीच्या घरी जाई, दिवसचे दिवस तिच्या मागे हिंडे, स्वयंपाकघरात उभा राहून चहा पिई आणि लहान मुलाने विचारावा तसा साधा प्रश्न विचारी. समोरचा सावध राहण्याचे विसरून जाई. या बावळटपणात कावा किती आणि स्वभाव किती, हे अखेरपर्यंत कळत नसे.

त्याने निवडलेली माणसेही तशीच. दीड दशक दूरचित्रवाणीवर जादूचे प्रयोग करून कार्यक्रम बंद झालेला जादूगार पॉल डॅनियल्स आणि त्याची साहाय्यक व पत्नी डेबी मॅगी. मुष्टियुद्धातला माजी जगज्जेता ख्रिस युबँक. हुजूर पक्षाच्या फटकळ नेत्या अ‍ॅन विडिकम. या भेटींतून हसू भरपूर आले, क्वचित कीवही आली. या भेटी करमणूक करून संपल्या. संपली नाही ती पहिली भेट, जिमी सॅव्हिलची.

सॅव्हिल हा इंग्लंडमध्ये घरोघरचा माणूस होता. लीड्स शहरातला, पूर्वी खाणीत काम केलेला, कुस्ती खेळलेला. १ जानेवारी १९६४ रोजी बीबीसीचा 'टॉप ऑफ द पॉप्स' हा गाण्यांचा कार्यक्रम सुरू झाला तेव्हा पहिला सूत्रधार तोच होता. १९७५ पासून जवळजवळ वीस वर्षे तो मुलांच्या पत्रांतल्या इच्छा पुऱ्या करणारा कार्यक्रम करीत असे. पांढरे लांब केस, तोंडात चिरूट, अंगात भडक रंगाचा पोशाख. रुग्णालयांसाठी त्याने प्रचंड देणग्या जमवल्या, मॅरेथॉन धावला, राजघराण्यात ऊठबस केली आणि १९९० मध्ये त्याला 'सर' ही पदवी मिळाली. दानशूर, विनोदी, थोडा चक्रम, एकटा राहणारा वृद्ध ब्रह्मचारी, अशी त्याची प्रतिमा होती.

थेरूने त्याच्या घरी मुक्काम केला. स्कारबरो येथील घरात सॅव्हिलने मृत आईची खोली जशीच्या तशी ठेवली होती. तिचे कपडे कपाटात टांगलेले होते आणि ते दरवर्षी धुऊन आणले जात. प्रेक्षक चकित झाले, थोडे हसले. सॅव्हिल मुलांसाठी कार्यक्रम करी आणि वर आपल्याला मुले आवडत नाहीत असेही सांगे. थेरूने त्याला याचे कारण विचारले आणि त्याच्याविषयी कुजबुजल्या जाणाऱ्या अफवेचा, तो बालकांचे लैंगिक शोषण करतो या अफवेचा, सरळ उल्लेख केला. सॅव्हिलचे उत्तर असे होते की, तसे म्हटल्याने चटपटीत बातम्यांच्या मागे लागलेले बातमीदार दूर राहतात. मी तसा आहे की नाही हे त्यांना कसे कळणार? बोलता बोलता उत्तर निसटून गेले. प्रश्न विचारला गेला होता, कॅमेरा चालू होता, लक्षावधी लोक पाहत होते. तरी एप्रिल २००० मधल्या त्या रात्री इंग्लंडने काय पाहिले? एक गमतीदार म्हातारा.

२९ ऑक्टोबर २०११ रोजी सॅव्हिल वारला. सोनेरी रंगाची शवपेटी लोकांच्या दर्शनासाठी ठेवण्यात आली आणि मोठी अंत्ययात्रा निघाली. वर्षही उलटले नव्हते तोच, ऑक्टोबर २०१२ मध्ये, दुसऱ्या एका वाहिनीवर त्याच्या अत्याचारांना बळी पडलेल्या स्त्रिया बोलल्या आणि धरण फुटावे तसे झाले. जानेवारी २०१३ च्या पोलीस अहवालानुसार सुमारे ४५० जणांनी पुढे येऊन माहिती दिली होती आणि २१४ गुन्ह्यांची नोंद झाली होती. बळींतील बहुसंख्य अठरा वर्षांखालील होते. ज्या रुग्णालयांसाठी त्याने पैसा जमवला, त्याच रुग्णालयांच्या वॉर्डांत त्याला मोकळे फिरता येत होते. स्कारबरोच्या दफनभूमीतला त्याचा दगड रातोरात काढून टाकण्यात आला. आपल्याकडे बालकांच्या लैंगिक शोषणाविरुद्धचा पोक्सो कायदा अमलात आला तोही त्याच वर्षी, १४ नोव्हेंबर २०१२ रोजी. दोन्ही घटनांचा परस्परांशी संबंध नाही; पण घरातील मोठ्यांनी दोन्ही तारखा एकत्र लक्षात ठेवाव्यात अशा आहेत.

सॅव्हिलला कुणी ओळखले कसे नाही, असे आज सहज विचारले जाते. पुष्कळ मुलामुलींनी सांगितले होते, पण ऐकणारे नव्हते. एका बाजूला दानशूर 'सर', दुसऱ्या बाजूला रुग्णालयातली किंवा अनाथगृहातली मुलगी. आपल्या गावातही देणगीच्या पावत्या दाखवून माणसाची पारख केली जाते, तेव्हा फार वेगळे काही घडत असते असे नाही.

थेरूचे वेगळेपण असे की त्याने हा विषय झटकला नाही. ऑक्टोबर २०१६ मध्ये त्याने सॅव्हिलवर दुसरा माहितीपट केला. या वेळी तो अत्याचारातून वाचलेल्या स्त्रियांच्या घरी गेला, आणि आपला पहिला चित्रपट त्यांना कसा वाटला असेल याला सामोरा गेला. पहिल्या चित्रपटानंतर सॅव्हिलशी त्याचे एक प्रकारचे स्नेहाचे नाते राहिले होते, तेही त्याने लपवले नाही. चौकस म्हणून नाव मिळवलेल्या माणसाने आपण फसलो हे पडद्यावर सांगणे सोपे नव्हते. चांगला लेखापरीक्षकही आपल्या नजरेतून सुटलेली नोंद कबूल करताना अडखळतो.

त्याच मालिकेत याच्या अगदी उलट घडलेली एक भेट आहे, आणि ती फारशी बोलली जात नाही. नील हॅमिल्टन हा हुजूर पक्षाचा माजी मंत्री. संसदेत प्रश्न विचारण्यासाठी पैसे घेतल्याच्या आरोपांनी बदनाम झालेला, १९९७ च्या निवडणुकीत पराभूत, अब्रुनुकसानीचा दावा हरलेला आणि २००१ मध्ये दिवाळखोर. पत्नी क्रिस्टीन बोलघेवडी. हे दांपत्य म्हणजे सर्वांच्या थट्टेचा विषय. थेरू त्यांचे चित्रण करीत असतानाच, ऑगस्ट २००१ मध्ये, एका स्त्रीने दोघांवर लैंगिक अत्याचाराचा आरोप केला. पोलिसांनी अटक करून चौकशी केली. घराबाहेर बातमीदारांची झुंड जमली आणि घरात थेरूचा कॅमेरा चालूच होता. आधीच नाव खराब झालेले, त्यामुळे लोकांनी विश्वास ठेवण्यास वेळ लावला नाही. आरोप मात्र साफ खोटा निघाला आणि आरोप करणाऱ्या स्त्रीला २००३ मध्ये तुरुंगवास झाला.

लोकांनी ज्याला डोक्यावर घेतले होते तो अपराधी होता आणि ज्यांना हसत होते ते त्या आरोपापुरते निर्दोष होते. मालिकेत पुढे मॅक्स क्लिफर्डही आला. प्रसिद्ध लोकांची प्रतिमा घडवणे हाच त्याचा धंदा. २०१४ मध्ये, सॅव्हिल प्रकरणानंतर सुरू झालेल्या तपासातून, मुली व तरुण स्त्रियांवरील अत्याचारांसाठी त्याला आठ वर्षांची शिक्षा झाली. दूरचित्रवाणीने या सर्वांना अगदी जवळून, त्यांच्या स्वयंपाकघरापर्यंत जाऊन दाखवले होते. तरी चेहऱ्यावरून कुणालाच काही ओळखता आले नाही.

म्हणून तबस्सुम यांचा कोच बरा की थेरूचा मुक्काम बरा, असा प्रश्न केला तर उत्तर सरळ देता येत नाही. कोचावर पाहुण्याचा मान राहतो, पण जे त्याला सांगायचे नाही ते कधीच बाहेर येत नाही. मुक्कामात पुष्कळ बाहेर येते, पण यजमान हळूहळू प्रेक्षणीय वस्तू होऊ लागतो, आणि कावेबाज यजमान असेल तर तो कॅमेऱ्यालाच आपला साक्षीदार बनवतो. लल्लूभाई मॅन्शनमध्ये थेरूसारखा कुणी आठवडाभर राहिला असता तर? कदाचित पन्नास वर्षांचा तो कोरा रकाना भरला गेला असता. कदाचित चाळीतल्या खोलीचे मोजमाप तेवढे दाखवले गेले असते. २०१६ मध्ये 'एक अलबेला' या मराठी चित्रपटात मंगेश देसाई यांनी भगवानदादा उभे केले आणि विद्या बालन यांनी गीता बाली. नव्या पिढीला निदान नाव तरी कळले.

इकडे हिंगोलीत प्रश्न वेगळ्या स्वरूपात उभा राहतो. कलावंत मानधन योजनेत २०२४ पासून दरमहा पाच हजार रुपये मिळतात. जिल्ह्याची समिती अर्ज तपासते आणि आपण कलावंत आहोत हे अर्जदाराला कागदांनिशी सिद्ध करावे लागते. कार्यक्रमाची छायाचित्रे, वर्तमानपत्रांची कात्रणे, संस्थांची प्रमाणपत्रे. नर्सी हे संत नामदेवांचे जन्मगाव याच जिल्ह्यातले. भजन, भारूड, गोंधळ यांची परंपरा घरोघर आहे, पण ज्या काळात ती रात्ररात्र जागली त्या काळी कुणी छायाचित्रे काढीत नव्हते, आणि खेड्यातल्या जागराची बातमी वर्तमानपत्रात येत नव्हती. नियम कडक हवेत, कारण पेटीला हात न लावलेलेही अर्ज करतात, हे खरेच. पण ज्याच्याजवळ कंठाशिवाय पुरावा नाही, त्याला गाऊन दाखवा असे म्हणणारा एखादा अधिकारी भेटला तर अर्जदाराचा चेहरा कसा उजळतो, हे पाहण्यासारखे असते. काही जण टेबलापुढे उभ्यानेच सुरू करतात. शेजारच्या विभागातली माणसे दारात येऊन ऐकतात.

भगवानदादांकडे मात्र पुरावा मागण्याची वेळ दादरच्या लोकांनी येऊ दिली नाही. अनंत चतुर्दशीला इकडे हिंगोलीत नवसाच्या मोदकासाठी चिंतामणी गणपतीपुढे रांगा लागतात. तिकडे दादरमध्ये विसर्जनाच्या मिरवणुका निघत. त्या लल्लूभाई मॅन्शनपाशी आल्या की थांबत. बँडवाले 'अलबेला'तली चाल धरत. मग चाळीतून एक स्थूल, वृद्ध गृहस्थ बाहेर येत आणि हात किंचित वर करून तीच पावले टाकत. त्यांच्या मागे सगळा रस्ता तसाच नाचू लागे.